खाट क्रमांक : देवघराशेजारी

मे २०२४ मध्ये आमच्या विद्यार्थ्यांनी वॉर्डात आठवडाभर ज्यांना श्वसनाचे व्यायाम आणि इनहेलर शिकवले होते, ते एक काका घरी सोडल्यानंतर अठराव्या दिवशी धाप लागून पुन्हा दाखल झाले. उमेदीची सारी वर्षे त्यांनी मागावर घालवली होती, सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे, निदान जुने होते आणि औषधाचा एकही डोस चुकवलेला नाही, असे ते शपथेवर सांगत होते. त्यांचे म्हणणे खरेच होते. यंत्रात घालून तोंडाने ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूल ते सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गिळत होते, कारण घरी गेल्यावर त्या यंत्राचे झाकण उघडेना आणि कॅप्सूल म्हटली की ती गिळायची, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. त्यांच्या कागदावर ‘तंत्र शिकवले’ या चौकटीत बरोबरची खूण होती आणि खाली आमच्याच इंटर्नची सही होती.

मी सोलापुरातल्या एका फिजिओथेरपी महाविद्यालयात शिकवते. त्या खुणेचा मला बरेच दिवस त्रास झाला आणि १० जूनला मी प्राचार्यांकडे टिपण दिले की, विद्यार्थ्यांना रुग्णांच्या घरी नेऊन श्वसनाची शुश्रूषा शिकवावी. ते काम फेब्रुवारी २०२५ अखेर पार पडले. मधल्या महिन्यांपैकी पाच महिने कागदपत्रांत आणि तयारीत गेले आणि प्रत्यक्ष घरभेटींना जेमतेम तीन महिने मिळाले. दुसऱ्या कोणाला हे करायचे असेल तर त्यांचे काही आठवडे वाचावेत, म्हणून तारखांसकट लिहीत आहे.

प्राचार्यांनी तीन प्रश्न विचारले. घरी काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, मुलींना अनोळखी घरात पाठवायचे तर सोबत कोण, आणि याचे तास कशात धरायचे. तासांचे उत्तर सोपे होते, कारण इंटर्नशिपमध्ये समाजातल्या कामासाठी दिवस राखून ठेवलेले असतातच. सोबतीच्या प्रश्नातून मात्र एक चांगली गोष्ट निघाली. विद्यार्थी दोघा-दोघांनी जातील असे ठरले आणि शेजारच्या नर्सिंग महाविद्यालयाने अंतिम वर्षाचे सहा विद्यार्थी दिले, त्यामुळे प्रत्येक जोडीत एक फिजिओथेरपीचा आणि एक नर्सिंगचा असे बारा जण जमले. पुढे लक्षात आले की नर्सिंगच्या मुलांना सक्शन (नळीने कफ ओढून काढणे), ट्रॅकिऑस्टॉमीच्या, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासासाठी बसवलेल्या, नळीची स्वच्छता आणि औषधांच्या वेळा चोख माहीत असतात, आमच्यांना कफ वर आणण्याच्या पद्धती आणि दम न लागता चालणे-उठणे शिकवता येते, आणि दोघांपैकी एकटा कोणीही घरात पुरा पडत नाही.

जबाबदारीच्या प्रश्नावर मी लिहून दिले की रुग्ण उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेच राहतील, प्रत्येक घरासाठी त्यांची लेखी चिठ्ठी असेल आणि विद्यार्थी औषधाचा डोस किंवा ऑक्सिजनचा प्रवाह स्वतः बदलणार नाहीत. हे वाक्य लिहायला मला अर्धा मिनिट लागला. त्याची किंमत डिसेंबरमध्ये कळली, ती पुढे सांगते.

२४ जूनला रुग्णालयाकडे परवानगीचा अर्ज गेला आणि तीन आठवडे त्याचा पत्ता नव्हता. विषयाच्या ओळीत ‘प्रशिक्षण’ असल्यामुळे तो शैक्षणिक विभागात गेला होता, आणि ‘गृहभेट’ हा शब्द असल्यामुळे तिथून समाजसेवा विभागात. दोन्हीकडे तो दुसऱ्याचा म्हणून ठेवला गेला. मी चार खेपा घातल्या. असा अर्ज दोन प्रतींत न्यावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा आणि कर्मचाऱ्याचे टेबल कोणते ते त्याच प्रतीवर पेन्सिलीने लिहून ठेवावे. मला हे तिसऱ्या खेपेला सुचले. नैतिक समितीने विचारले की हे संशोधन आहे काय. नाही म्हटले तर समितीची गरज नव्हती. परंतु एका सदस्यांनी समजावले की पुढेमागे यातले काही प्रसिद्ध करावेसे वाटले तर मागच्या तारखेने मान्यता मिळत नाही, तेव्हा आत्ताच घ्या. ऑगस्टच्या बैठकीत ती मिळाली, मात्र संमतिपत्र मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत हवे, या अटीवर. सोलापुरात ही अट रास्तच आहे. अशोक चौकाकडून पूर्वेला गेले की धापेला ‘आयासम’ आणि खोकल्याला ‘दग्गु’ म्हणणारी घरे लागतात, आणि अक्कलकोट रस्त्याने पुढे गेले की खोकल्याचा ‘केम्मु’ होतो. विद्यार्थ्यांनी हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आणि सगळ्यात जास्त ते पानच वापरले गेले.

सरावासाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र, भाड्याने घ्यायचा होता. त्याच्या करारासाठी मी शंभर रुपयांचा मुद्रांक आणला, सह्या होईपर्यंत ऑक्टोबर उजाडला आणि त्याच महिन्यात राज्यात शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागू झाला. जुना कागद अजून माझ्या खणात आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळेत तयारी झाली. पहिल्या दिवशी प्रत्येकाने नाक चिमटीत धरून एका बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घेतला आणि मग तसाच एक जिना चढला. वर पोहोचल्यावर कोणाच्याही तोंडून पूर्ण वाक्य निघेना. त्यानंतर ‘आज्जी, दम धरा’ असे कोणी सहज म्हटले नाही. इनहेलर शिकवण्याची पद्धतही बदलली. आपण दाखवायचे आणि समोरच्याने मान डोलवायची, एवढ्यावर थांबायचे नाही. त्याने करून दाखवायचे आणि आपण गप्प राहून बघायचे. फवाऱ्याचा इनहेलर स्पेसर (औषधाचा फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी) लावून हळू ओढायचा, श्वास दहा आकडे रोखायचा. पावडरीचा मात्र जोरात आणि खोल ओढायचा. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची. बारापैकी पाच जणांनी हळू आणि जोरात यांची अदलाबदल केली. त्यात एक जण वर्गात पहिला येणारा होता.

चालण्याची सहा मिनिटांची चाचणी आम्ही वगळली, कारण तिला तीस मीटरची सरळ मोकळी जागा लागते आणि आम्ही जाणार होतो ती घरे दहा बाय दहाची होती. त्याऐवजी खुर्चीवरून मिनिटभरात किती वेळा उठता-बसता येते, ते मोजायचे ठरले. पहिल्याच घरी खुर्ची नव्हती. तेव्हापासून जोडीच्या पिशवीत एक घडीचे स्टूल आले.

भेटी ११ नोव्हेंबरला सुरू व्हायच्या होत्या. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान असल्यामुळे आमच्याबरोबर येऊन घरे दाखवणाऱ्या आशाताई (वस्तीतल्या आशा आरोग्यसेविका) त्या कामात अडकल्या आणि २५ नोव्हेंबर उजाडला. आशाताईंशिवाय जाण्याचा मोह झाला होता. बरे झाले आवरला. दार त्यांच्या हाकेला उघडते, आमच्या पांढऱ्या कोटाला नाही. कोट तर दुसऱ्या दिवसापासूनच बंद केले, कारण गल्लीत कोट दिसला की शेजारपाजारचे ‘टीबी झालाय का?’ असे विचारू लागले. काही रुग्णांना पूर्वी टीबी होऊन गेला होता आणि फुप्फुसे कायमची आखडली होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांना फार लागत असे. खोकला पुन्हा वाढलेला किंवा वजन उतरलेले दिसले तर आधी थुंकीची तपासणी आणि तोवर भेट उघड्या अंगणात, तोंडाला एन-९५ लावून, हा नियम मात्र आम्ही कोणाला वाईट वाटते म्हणून सैल केला नाही.

दुसऱ्या दिवशीचे घर मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग खडाखड चालू होते, मागच्या खोलीत मामा खाटेवर बसलेले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर उचलून. त्यांच्या खाटेखाली कॉन्सन्ट्रेटर होता आणि त्याचा आवाज नको म्हणून सुनेने त्यावर सोलापुरी चादर दुहेरी घडी करून घातली होती. ऑक्सिजन मिनिटाला दोन लिटरवर होता, तरी मामांच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी ८५ टक्क्यांच्या पुढे जाईना. विद्यार्थिनीने स्टेथोस्कोप कानाला लावला, मागांच्या आवाजात तिला काहीच ऐकू येईना, आणि ती रडवेली होऊन माझ्याकडे बघू लागली. तिच्या जोडीदाराने, नर्सिंगच्या मुलाने, चादर काढली, यंत्र भिंतीपासून हातभर पुढे ओढले आणि मागची जाळी उघडली. आतला स्पंजचा फिल्टर दिसतच नव्हता, त्यावर सुताच्या तुसाचा बोटभर जाड करडा थर बसला होता. हे यंत्र खोलीतलीच हवा आत घेते, झिओलाइटच्या खड्यांमधून नेऊन तिच्यातला नायट्रोजन अडवते आणि नव्वद टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन पुढे देते; हवाच आत शिरेना तर ते तरी काय देणार? फिल्टर धुऊन, पूर्ण सुकवून बसवेपर्यंत मामांना सिलिंडरवर ठेवले. नंतर यंत्रावर पातळी ९० झाली. माहितीपुस्तिकेत फिल्टर आठवड्याने धुवा असे लिहिलेले असते; माग असलेल्या घरात आम्ही तो एक दिवसाआड धुवायला सांगितला आणि दुसरा फिल्टर आणून ठेवायला लावला, म्हणजे एक सुकत असताना दुसरा चालतो.

त्या संध्याकाळी मी भेटीच्या नमुन्याचा क्रम उलटा केला. आधी घर, मग छाती. चूल किंवा गॅस कुठे, देवघर कुठे, विडी कोण ओढते, प्लग सैल आहे का, वीज गेल्यावर काय करतात, पाणी किती दिवसांनी येते, रुग्णवाहिका कोणत्या कोपऱ्यापर्यंत येऊ शकते आणि तिथून रुग्णाला उचलून न्यायला हातांची खुर्ची आहे का. हे सगळे लिहून झाले की मग स्टेथोस्कोप.

पाण्याचा प्रश्न इथे का, असे काहींनी विचारले. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि घरोघरी ते साठवून ठेवतात. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी रोज बदलायचे असते, पण दोन घरांत ती बाटली पिंपातल्या पाण्याने भरलेली आणि तळाशी हिरवट झालेली सापडली. डिस्टिल्ड पाणी परवडत नसेल तर उकळून गार केलेले वापरा, बाटली रोज घासा, असे आम्ही सांगितले, आणि प्रवाह कमी असलेल्या एका रुग्णाची बाटली डॉक्टरांनी काढूनच टाकली.

विजेचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेतला, कारण घरच्यांच्या मनातली खरी भीती तीच असते. दीर्घकाळ ऑक्सिजन लागणाऱ्यांना दिवसाचे किमान पंधरा तास तो घ्यावा लागतो, तरच आयुष्य वाढते. १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या दोन चाचण्यांवर हा नियम उभा आहे. साडेतीनशे वॅटचे यंत्र पंधरा तास चालले तर रोजची सव्वापाच युनिट आणि महिन्याची दीडशेहून अधिक होतात. बिलाच्या धाकाने तीन घरांत यंत्र फक्त ‘दम लागला की’ लावले जात होते. बिल आम्ही कमी करू शकत नव्हतो, पण पंधरा तासांत झोपेचे आठ तास आपोआप येतात, उरलेले सात जेवण, टीव्ही आणि दुपारची वामकुक्षी यांत कसे बसवायचे, ते कागदावर आखून देता आले. वीज गेल्यावर वापरायच्या बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे दोन लिटरने सुमारे बारा तास. हा भागाकार घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून करून घेतला की तो घरात राहतो.

देवघराचे प्रकरण नाजूक होते. उघड्या ज्योतीपासून ऑक्सिजन लावलेला माणूस निदान तीन मीटर लांब हवा, आणि दहा फुटांची खोली तीन मीटरचीच असते. निरांजन विझवा असे आम्ही एकदाच म्हणालो आणि त्या घरात पुढच्या खेपेला चहा मिळाला नाही. मग एका विद्यार्थ्याने मार्ग काढला. पूजेच्या वेळी त्या घरातल्या रुग्ण मावशींनी ऑक्सिजनची नळी काढून दाराबाहेरच्या ओट्यावर बसायचे, सुनेने दिवा लावून, आरती करून, दिवा शांत झाल्यावरच त्यांना आत घ्यायचे. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी तेवढ्या वेळेला हरकत घेतली नाही. नाकाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, पाण्यात विरघळणारे जेल लावावे, हेही त्याच दिवशी सांगून झाले. आमच्या छापील नमुन्यात ‘वॉर्ड / खाट क्रमांक’ असा रकाना होता. त्या विद्यार्थ्याने तिथे लिहिले होते, ‘देवघराशेजारी’. मी सही करताना आधी हसले आणि मग तो रकाना तसाच ठेवला, कारण त्या घरात कोणतीही माहिती याहून महत्त्वाची नव्हती.

आता डिसेंबरचे. विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एका आज्जी, हजार विड्यांच्या हिशेबावर आयुष्य गेलेल्या, दीड लिटर ऑक्सिजनवर होत्या आणि त्यांची पातळी ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायची, असे चिठ्ठीत स्पष्ट लिहिले होते. सकाळी भांडी घासून त्या नुकत्या बसल्या होत्या. बोटाला लावून ही पातळी मोजणाऱ्या ऑक्सिमीटरने ८१ दाखवले. बोटे गार होती, तंबाखूने काळवंडलेली आणि विड्या वळून टणक झालेली होती. माझ्या विद्यार्थ्याने घाबरून प्रवाह चारवर नेला, आकडा चढलेला पाहिला, नोंद केली आणि जोडी पुढच्या घरी गेली. भेटीनंतर फोन करण्याचा नियम होता म्हणून पाऊण तासाने त्याने सांगितले तेव्हा ‘वाढवला’ हा शब्द ऐकून माझे हातपाय गार पडले. सुनेला फोन केला तर ती म्हणाली, “आज्जी आज लवकरच झोपल्या की.” सकाळचे साडेदहा वाजले होते.

फार काळ कार्बन डायऑक्साइड साठवून जगणाऱ्या काही रुग्णांना जास्त ऑक्सिजन दिला तर तो वायू रक्तात आणखी वाढतो, गुंगी येते आणि श्वास मंदावतो. मी स्कूटरने पोहोचेपर्यंत डॉक्टर फोनवर होते. नळी काढू नका, प्रवाह दीडवर आणा, त्यांना बसवा, बोलत ठेवा, नीट जाग्या झाल्या नाहीत तर १०८ बोलवा. हात चोळून ऊब दिल्यावर त्याच बोटाने ९७ दाखवले, दीड लिटरवर ते हळूहळू ९१ वर स्थिरावले. अर्ध्या तासाने आज्जींनी डोळे नीट उघडून विचारले, “च्या झाला का?” दुपारी त्यांना रुग्णालयात नेले, रक्ततपासणीत कार्बन डायऑक्साइड वाढलेला होता आणि एक रात्र तिथे राहावे लागले. सुनेला मी काय झाले ते जसेच्या तसे सांगितले. ती माझ्यावर रागावली, आणि तो राग योग्य होता.

तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशी वही परत द्यायला आला. ती मी घेतली नाही, कारण चूक आधी माझी होती. विद्यार्थी प्रवाह बदलणार नाहीत, असे मी लिहून दिले होते, पण आकडा घसरलेला असताना गोल बटणाला हात न लावता उभे राहण्याचा सराव मी एकदाही घेतला नव्हता. वॉर्डात घंटा वाजवली की सिस्टर येतात. घरात काहीतरी करून दाखवण्याचा दबाव सगळा त्या एकट्या पोरावर येतो. पुढचा पूर्ण आठवडा भेटी थांबवून आम्ही एवढाच सराव केला. आकडा घसरला की आधी चेहरा बघायचा, ओठ बघायचे, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, हात उबदार करायचा, बोट बदलायचे, मेंदी किंवा नेलपॉलिश आहे का पाहायचे, नळी कुठे मुडपली आहे का आणि बाटलीचे झाकण घट्ट आहे का ते तपासायचे, आणि मग फोन. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळे असतील किंवा गुंगी असेल तर फोन थेट १०८ ला. प्रत्येक यंत्राच्या बटणावर चिकटपट्टी लावून डॉक्टरांनी सांगितलेला आकडा तिन्ही भाषांत लिहिला. तो विद्यार्थी आज्जींच्या घरी पुढच्या सगळ्या भेटींना गेला. पहिल्या दोन वेळी सुनेने दारातच त्याचे हात तपासले आणि मग आत घेतले.

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे दिवस सुट्टीत गेले. त्याच महिन्यात मागाच्या घरातले मामा वारले. न्यूमोनिया झाला, चार दिवस रुग्णालयात होते. दोघे विद्यार्थी दहाव्याच्या आधी घरी जाऊन आले. जावे की नाही, असे त्यांनी मला विचारले तेव्हा मला नियम आठवेना आणि मी जा म्हटले. सुनेने त्यांच्या हातात दुसरा, न वापरलेला फिल्टर दिला, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: सहा ऑक्सिमीटर ७,२००, सहा स्पेसर २,१००, सरावाच्या यंत्राचे दोन महिन्यांचे भाडे ९,०००, छपाई ३,८००, रिक्षा आणि पेट्रोल ११,४००, मास्क आणि हात स्वच्छ करण्याचे द्रावण ४,१००, दोन्ही मुद्रांक मिळून ६००, एकूण ३८,२०० रुपये. महाविद्यालयाने २५,००० दिले आणि उरलेले आम्ही तिघा शिक्षकांनी वाटून घेतले. सक्शनच्या वापरलेल्या नळ्या घरच्या कचऱ्यात न टाकता लाल पिशवीत घालून महाविद्यालयात आणाव्या लागतात, त्यासाठी रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर तो अर्ध्या वाटेत उतरवतो.

२८ फेब्रुवारीला अहवाल सादर केला. मार्चमध्ये तो एका त्रुटीसह परत आला: ‘काही नोंदींत रुग्णाचा खाट क्रमांक नमूद नाही.’ मी नवा नमुना छापायला दिला आहे. त्यात त्या रकान्याच्या जागी घराचा हाताने काढायचा नकाशा आहे, अर्ध्या पानाचा, आणि पुढच्या तुकडीला जुलैत पहिला धडा तोच काढण्याचा असेल.